बंद झालंय का ते बघणाऱ्या मॅडम

"कोण राह्यलं मागं?"

मॅडम हा प्रश्न कॉम्प्युटरला विचारायच्या. चांगला मोठ्याने, खुर्ची पुढे ओढून, चष्मा कपाळावर सरकवून आणि नाक जवळपास पडद्याला टेकवून. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी वळून दाराकडे पाहिलं. मला वाटलं, कुणीतरी जिन्यात अडकलंय.

जिन्यात कुणी नव्हतं. मॅडमनी नुकताच एक प्रोग्राम बंद केला होता आणि तो खरोखर बंद झाला की नाही, ते त्या बघत होत्या. पडद्यावर इंग्रजी अक्षरांची लांबलचक यादी होती. एकेका ओळीवर बोट ठेवून त्या बोलत होत्या, "हा सर्व्हरचा. हा बी सर्व्हरचा. आन् हा आपला... तू काहून बसला रे अजून?"

तुम्हीआम्ही पंखा बंद करतो, बटण दाबतो आणि चालू लागतो. पातं थांबेपर्यंत खाली उभं राहून बघणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. तीन वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसलो.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझा गोंधळ तुमच्या लक्षात येईल. हिंगोलीत माझी टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. मराठी तीस, इंग्रजी चाळीस. अर्ध्या जिल्ह्याच्या कारकुनांची बोटं मी वळवली. पुढे टाइपरायटर भंगारात गेले आणि मी घरी बसलो. माझ्याच एका विद्यार्थ्याने तोवर बियाण्यांच्या दुकानावर एक खोली घेऊन सॉफ्टवेअरचं ऑफिस थाटलं होतं. तो म्हणाला, "सर, घरी बसून काय करता? फोन घ्या, याद्या टाइप करा." असा मी साठीला टेकलेला माणूस जावाच्या धंद्यात शिरलो. जावा ही प्रोग्राम लिहायची भाषा, पण ती म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही.

ऑफिसात आम्ही तिघंच. मालक, मॅडम आणि मी. प्रोग्राम लिहिणाऱ्या एकट्या मॅडम. मूळ डोंगरकड्याच्या, पुण्याला आठ वर्षं नोकरी करून परत आलेल्या. वडील गेल्यावर आई गाव सोडायला तयार होईना, म्हणून त्या जवळ हिंगोलीत येऊन राहिल्या. फोन उचलला की "जय भीम" म्हणायच्या आणि लगेच "बोला" म्हणायच्या, मध्ये श्वाससुद्धा घ्यायच्या नाहीत. मालक मला सर म्हणायचा, मॅडम काका म्हणायच्या. माझ्या मुलीपेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठ्या असतील, पण मी त्यांना मॅडमच म्हणत आलो.

आमचं मोठं काम एकच होतं. गावातल्या एका खासगी डायलिसिस सेंटरचा प्रोग्राम. किडनी गेलेली माणसं आठवड्यातून दोनदा तिथे यायची आणि चार-चार तास मशीनवर पडून रक्त शुद्ध करून घ्यायची. मशीन थोड्या, माणसं जास्त. म्हणून पाळ्या लावलेल्या. कोणाची पाळी केव्हा, हे आमचा प्रोग्राम आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता ज्याच्या त्याच्या मोबाइलवर कळवायचा. यादी मी टाइप करायचो.

पहिल्याच महिन्यात मी घाण केली. एका नंबरात नऊच आकडे टाकले. प्रोग्राम त्या नंबरापाशी आला, अडखळला आणि तिथेच थांबला. खालच्या कुणालाच मेसेज गेला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोन खणखणू लागले. टायपिंगचा मास्तर आणि आकडा गाळतो! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मॅडम एका शब्दाने बोलल्या नाहीत. माझ्यासमोर बसून त्यांनी पंधरा-वीस मिनिटं काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, "झालं काका. आता तुमी नऊ आकडे टाका, का दोन टाका. काहीबी चूक आली तर ह्यो गडी तिला गिळून पुढं जातो. थांबत न्हाई."

"म्हणजे माझी चूक झाकली तुम्ही."

"चूक होतेच काका. चुकीपायी मागच्या माणसाला तकलीफ न्हाई झाली पायजे."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी घरून रोज काहीतरी आणू लागलो. कधी शेंगदाण्याची चटणी, कधी ज्वारीची भाकरी. बायको म्हणायची, "एवढं काय केलं त्यांनी?" मी सांगायचो, "मला काही समजलं नाही, पण फार मोठं केलंय."

माझ्या मुलीच्या लग्नाला मॅडम आल्या होत्या. लग्न लागलं, पंगती उठल्या, वऱ्हाड गाड्यांत बसलं. मी दमून ओट्यावर बसलो होतो. आणि ह्या बाई हातात पर्स घेऊन मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर एकेका खोलीचं दार ढकलत फिरतायत! कार्यालयवाला खाली कुलूप घेऊन उभा. संध्याकाळी दुसरं लग्न होतं. वरून हाक आली, "काका, एक पाव्हणा हाय इथं!"

माझे सख्खे साडू. श्रीखंड जरा जास्त झालं होतं. दाराला आतून कडी, किल्ली उशाखाली आणि घोरणं जिन्यापर्यंत ऐकू येतंय. दार वाजवून वाजवून आमचे हात दुखले. शेवटी ते उठले आणि "नवरी आली का?" म्हणून विचारू लागले. नवरी सासरी पोचायला आली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मॅडमनी मला ह्याच साडूंवरून थ्रेड समजावला. त्या म्हणाल्या, "काका, आपला प्रोग्राम एकटा न्हाई चालत. मोठ्या सर्व्हरच्या आत चालतो, कार्यालयात लग्न लागावं तसा. थ्रेड म्हंजे त्याच्यातला एकेक गडी, एकेक काम धरलेला. आन् क्लास म्हंजे त्या गड्यांनी कसं काम करायचं ते लिहिलेलं. नवा प्रोग्राम आणायचा तर जुन्याला बाहेर काढावं लागतं. आपण काढतो. पण एक गडी आत झोपून राह्यला, न्हाईतर काम करत राह्यला, तर काय होतं?"

"काय होतं?"

"तुमचे साडू आत होते म्हणून खोलीला कुलूप लागंना. खोलीला लागंना म्हणून जिन्याला लागंना. जिन्यापायी सगळ्या कार्यालयाला लागंना. माणूस एक, पण धरून बसला सगळ्यालाच. एक थ्रेड जिता राह्यला की त्याचे क्लास मेमरीतून जात न्हाईत. त्यांच्यासंगं बाकीचेबी जात न्हाईत. जुना प्रोग्राम आपण काढला म्हणतो, पण तो आत हायेच."

"मग ओढून बाहेर काढायचं त्याला."

"जावात ओढून न्हाई काढता येत. हाक मारता येते, थांब म्हणून. उठायचं त्यानं."

मला साडू समजले, थ्रेड नाही समजला. मी मान हलवली. मॅडम इतक्या खूश झाल्या की "नाही समजलं" म्हणायचा धीर झाला नाही. माझ्या वर्गातली पोरंही अशीच मान हलवायची आणि मला ते लगेच ओळखू यायचं. मॅडमना माझं ओळखू आलं नाही, की आलं आणि त्यांनी दाखवलं नाही, कोण जाणे.

एरवी प्रोग्रामात काही बदल करायचा असला की मॅडम दुपारी सेंटरला जेवणाची सुट्टी असताना सगळा सर्व्हरच बंद करायच्या. आख्खा. मग दहा मिनिटांनी चालू करायच्या. सर्व्हरच बंद केला की आतल्या कुणाची राहायची टाप नसते, असं त्या म्हणायच्या. तरीही यादी काढून बघायच्याच. मालक चिडायचा. "दहा मिनिटं सेंटरचं काम थांबतं मॅडम. ते लोक माझं डोकं खातात."

मग सेंटरने पाळ्या बदलल्या. दुपारच्या काही माणसांना सकाळी आणलं. त्यासाठी प्रोग्रामात फेरफार केला आणि नव्या पाळ्या मी टाइप केल्या. दोनदा तपासल्या. ज्या दिवशी नवा प्रोग्राम चढवायचा, त्याच दिवशी डोंगरकड्याहून फोन आला की मॅडमच्या आईला ताप आहे आणि ती डॉक्टरकडे जायला ऐकत नाही. एसटीला पाऊण तास होता. सेंटरमध्ये नेमकी नोंदणीची गर्दी. मालक म्हणाला, "आज सर्व्हर बंद करू नका. चालू सर्व्हरवरच जुना काढा, नवा टाका. होतं ना तसं?"

"होतं," मॅडम म्हणाल्या. "पण..."

पण पुढे काय, ते राहून गेलं. त्यांनी जुना काढला, नवा टाकला, पर्स उचलली आणि धावत जिना उतरल्या. त्या दिवशी त्यांनी कॉम्प्युटरला काही विचारलं नाही. हे मला नंतर आठवलं. तेव्हा मी चहा पीत होतो.

औंढ्याला देवळामागच्या गल्लीत एका टेलर मास्टरचं दुकान आहे. माझ्या लग्नातली पँट त्यांनी शिवली, तेव्हापासूनची ओळख. त्यांची बायको, आमची भाभी, दीड वर्षापासून सेंटरला यायची. तिची पाळी दुपारी दोनची होती ती सकाळी सातची झाली होती. त्या दोन दिवसांच्या यादीत पाळी बदललेलं दुसरं कुणी नव्हतं. संध्याकाळी पाचला मास्टरच्या मोबाइलवर मेसेज आला, 'उद्या सकाळी ७ वाजता यावे.' मागोमाग दुसरा आला, 'उद्या दुपारी २ वाजता यावे.'

तुम्ही काय केलं असतं? मास्टरने तेच केलं. मागून आलेला खरा धरला.

दोन वाजता ते भाभीला घेऊन पोचले, तर सकाळीच तिची वाट बघून मशीन दुसऱ्याला दिलेली. दुपारच्या सगळ्या मशीन भरलेल्या. भाभीच्या पायांवर सूज, छातीत पाणी चढलेलं, धड बोलता येईना. बाकावर बसून ती नुसती तोंडाने श्वास ओढत होती. फोन आल्यावर मी धावत गेलो तेव्हा ती अशी होती. सहा वाजता सेंटरवाल्यांनी कशीबशी मशीन रिकामी केली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

मास्टरने माझ्यासमोर मोबाइल धरला. "सर, तुमीच टाइप करता ना? बघा. सात का दोन? एकदा बराबर ठरवून तर टाकायचं होतं."

दोन्ही मेसेज माझ्या डोळ्यांसमोर होते.

मालकाने ऑफिसात यादी उघडली. यादीत सातच होतं. "सर, सातचं चुकून दोन केलं असेल, मग परत दुरुस्त केलं असेल. मध्ये एक मेसेज सुटला." मी म्हणालो, नाही. मग म्हणालो, आठवत नाही. मग रात्रभर विचार करून करून मलाच वाटू लागलं की टाकलं असेल. नऊ आकड्यांचा नंबर टाकणारा माणूस काय नाही टाकणार? ज्यांची पाळी बदलली नव्हती त्यांनाही एकच मेसेज दोन-दोनदा आला होता, पण त्यांना वाटलं काम पक्कं करतायत. तक्रार कुणी केली नाही. सकाळी मी स्वच्छ अक्षरात माफीचं पत्र लिहून मालकाला दिलं. त्याने ते सेंटरला दाखवायला फाइलमध्ये ठेवलं आणि मला म्हणाला, "सर, थोडे दिवस घरी आराम करा." त्याच दुपारी गावातली वीज गेली, आमची बॅटरी संपली, सर्व्हर पडला आणि पुन्हा चालू झाला. त्यानंतर मेसेज एकेकच येऊ लागला. मालक म्हणाला, "बघा, सर घरी बसले आणि बंद झालं."

ह्यावर काय बोलाल? माझ्या बायकोलाही ते पटलं.

मॅडम चौथ्या दिवशी आल्या, त्या ऑफिसातून थेट माझ्या घरी. हातात कागद होते. सर्व्हर आपण केलेल्या कामाची नोंद ठेवतो, ती त्यांनी छापून आणली होती. एकाच मिनिटात एकाच नंबराला दोन मेसेज. एक नव्या प्रोग्रामने पाठवलेला आणि एक जुन्याने.

"जुना तर तुम्ही काढला होता."

"काढला. गडी राह्यला आत. जुनी यादी धरून." त्या पायरीवरच बसल्या. "आन् काका, त्याला थांब म्हणून हाक गेली होती. मी आता बघितलं. पण ती हाक त्याच्याकडं चूक होऊनच जाते. आन् मीच त्याला शिकवलं होतं, कसलीबी चूक आली तर गिळ आन् पुढं जा. त्यानं हाक बी गिळली."

नऊ आकड्यांचा नंबर, एवढंच माझ्या डोक्यात फिरत होतं.

"तुमी न केलेली चूक काहून कबूल केली, काका?"

"मला वाटलं मीच केली असेल."

"असं वाटून लिवून देत असतात का कुणी?" त्या रागावल्या आणि पुढच्या क्षणी रडू लागल्या. माझ्या बायकोने पाणी आणलं. तिला काहीच कळेना. मला तरी कुठे कळत होतं?

कुणी काही म्हणालं नसतं. वीज जाऊन सगळं धुऊन निघालं होतं, पत्र माझं होतं, प्रकरण मिटलं होतं. पण मॅडम मला एसटीत बसवून औंढ्याला घेऊन गेल्या. मास्टर शिलाई मशीनवर होते. मला बघून त्यांनी मान खाली घातली आणि शिवत राहिले. मॅडम उभ्या उभ्याच म्हणाल्या, "मास्टर, सरची चूक न्हाई. प्रोग्राम माझा हाय. दुसरा मेसेज माझ्या चुकीनं आला. भाभीला तकलीफ माझ्यापायी झाली."

मास्टरने पाय थांबवला. मग म्हणाले, "हे सांगायला आल्या तुमी? हिंगोलीहून?"

"व्हय."

आत खाटेवर भाभी पडली होती. तिने हाताने मॅडमना जवळ बोलावलं. मला वाटलं, आता काय ऐकवते. ती म्हणाली, "बेटी, तेवढं सांग. आता सात म्हंजे सातच ना?"

"सातच भाभी. मी रोज सोता बघीन."

"मग बस हाय," भाभी म्हणाली आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं. येताना एसटीत मॅडम खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. शेतांत काढलेली हळद वाळत पडली होती, त्याचा वास सगळ्या गाडीत भरला होता.

आता जे सांगायचंय ते सांगायला मला जड जातं.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला ऑफिसात घेऊन गेल्या आणि त्यांनी मालकासमोर कागद मांडले. सगळं सांगितलं. आणि दोन गोष्टी मागितल्या. सगळ्या थ्रेडना थांब म्हटल्यावर नीट थांबायला शिकवायचं, त्याला दोन आठवडे. आणि इथून पुढे कसलाही बदल असो, दहा मिनिटं सर्व्हर पूर्ण बंद करायचा. मालक वाईट माणूस नाही. पण त्याने सेंटरला शब्द दिला होता की काम एक मिनिटही थांबणार नाही. शिवाय बंद केलेला प्रोग्राम मेसेज पाठवतो, हे त्याच्या गळी उतरेना. त्याला वाटलं, मॅडम मला वाचवायला काहीतरी रचून सांगतायत.

तो माझ्याकडे वळला. "सर, तुम्ही रोज यांच्या शेजारी बसता. तुम्ही सांगा. काढून टाकलेला प्रोग्राम चालू राहतो, हे खरंय? दोन आठवडे घालवायचे का यावर?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

मोबाइलवरचे दोन मेसेज मी बघितले होते. भाभीला बाकावर बघितलं होतं. कागद माझ्यासमोर होते. नुसतं "खरंय" म्हणायचं होतं. पण मला थ्रेड समजत नव्हता, क्लास समजत नव्हता, आणि मालकासमोर न समजलेलं समजलं म्हणायला जीभ रेटेना. पुढचा प्रश्न आला तर? आणि खरं सांगू? घरी बसवलेल्या त्या चार दिवसांची मी चांगलीच धास्ती घेतली होती. मी म्हणालो, "मला त्यातलं काही समजत नाही."

ते खोटं नव्हतं. त्यामुळेच मला ते इतक्या सहज बोलता आलं. ज्या बाईने माझी चूक झाकायला तो गडी हट्टी केला आणि माझं नाव धुवायला औंढ्यापर्यंत गेली, तिला मी एका वाक्यात एकटी पाडली.

"बघा," मालक म्हणाला. "रोज शेजारी बसणाऱ्याला समजत नाही, तर सेंटरवाल्यांना मी काय समजावू?"

मॅडमनी कागद गोळा केले. माझं माफीचं पत्र फाइलमधून काढून घेतलं आणि माझ्यासमोर फाडलं, तेवढं मालकाला करू द्यावं लागलं. माझी खुर्ची मला परत मिळाली. महिनाभराने त्या पुण्याला परत गेल्या, ह्या वेळी आईला घेऊन. त्या महिन्यात त्या माझ्याशी पहिल्यासारख्याच बोलत होत्या. चटणीही खात होत्या. तेच मला सोसवत नव्हतं.

प्रोग्राम बघायचं काम मालकाने बाहेरच्या एका कंपनीला दिलं. ती माणसं कधी दिसली नाहीत, फोनवरच बोलायची. शेजारची खुर्ची रिकामी. वर्षभर सुरळीत गेलं. मग सेंटरने पुन्हा पाळ्या बदलल्या. कंपनीने दुपारी कळवलं की नवा प्रोग्राम चढवला, सर्व्हर एक मिनिटही बंद केला नाही. मालक खूश झाला.

मॅडम गेल्यावर यादीत तपासणीसाठी भाभीच्या पाळीला माझाही नंबर जोडला होता. पाचला मोबाइल वाजला, 'उद्या दुपारी २ वाजता यावे.' मी तो खिशात घालणार, तेवढ्यात पुन्हा वाजला. 'उद्या सकाळी ७ वाजता यावे.'

मी दोन्ही मेसेज शेजारी शेजारी ठेवून पुन्हा वाचले. आणि सांगतो, त्या ऑफिसात आल्यापासून पहिल्यांदा माझ्या डोक्यात जराही गोंधळ नव्हता. जुना प्रोग्राम काढला होता, पण त्यातला काम करणारा आत होता, जुनी यादी धरून होता, आणि त्याला कुणी बघितलं नव्हतं. एवढंच. एवढंच होतं ते! ह्यात न समजण्यासारखं काय होतं?

मी मालकाला काही विचारलं नाही. यादी पुढे घेतली आणि पाळी बदललेल्या प्रत्येक माणसाला फोन लावला. पहिला मास्टरला. भाभीची पाळी पुन्हा दोनची झाली होती. "दोनलाच या मास्टर. सातचा मेसेज मानू नका." मास्टर म्हणाले, "बराबर." मग विचारलं, "मॅडम आल्या का परत?"

"नाही," मी म्हणालो.

सगळे फोन झाल्यावर कंपनीला लावला. तिकडचा माणूस हसला. "सर, जुनं व्हर्जन आम्ही काढलंय. असं होऊच शकत नाही." मी म्हणालो, "काढलं असेल. थांबलं नाही. सर्व्हर पूर्ण बंद करा आणि मग चालू करा." मालक समोर येऊन उभा होता. "सर, तुम्हाला नक्की माहितीये?" मी म्हणालो, "नक्की." सर्व्हर बंद केला. दुसऱ्या दिवशी मेसेज एकच आला.

मग मी मॅडमना फोन केला. वर्षात केला नव्हता.

"जय भीम, बोला काका."

मी झालं ते सांगितलं. मध्ये त्यांनी एकदाच विचारलं, "लोकांला फोन केले का आधी?"

"केले. सगळ्यांना. मास्टरला सगळ्यात आधी."

"मग बराबर केलं."

"मॅडम," मी म्हणालो, "मालकासमोर तुम्ही सांगत होता ना, ते मला समजलं. आता समजलं."

पलीकडे त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"त्या दिशीच इचारायचं ना काका," त्या म्हणाल्या. राग नव्हता आवाजात, तो असता तर बरं झालं असतं. "एकडाव म्हणायचं, मॅडम, न्हाई समजलं, पुन्हा सांगा. मी सांजवरी सांगत बसले असते तुमाला."

मी हो म्हणालो.